इंजिनएक्समागे ॲप सर्व्हर: बसवताना आणि चालवताना

गनिकॉर्न हा पायथनमधली वेब ॲप चालवणारा सर्व्हर. तो प्रॉक्सीमागे, म्हणजे क्लायंट आणि ॲप यांच्या मध्ये बसणाऱ्या इंजिनएक्ससारख्या सर्व्हरमागे चालवा, असं त्याच्या अधिकृत माहितीतच स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याचा नेहमीचा, म्हणजे सिंक प्रकारचा वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रोसेस) एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. चार वर्कर चालू असले आणि चार मोबाइल कमी रेंजमध्ये काही एमबीचा अहवाल रखडत उतरवून घेत बसले, की पाचव्याला ताटकळणं आलं. सीपीयू मात्र निवांत असतो. मध्ये इंजिनएक्स असला की तो रिक्वेस्ट पूर्ण गोळा करून मगच ॲपकडे देतो, ॲपचं उत्तर भराभर आपल्या बफरमध्ये काढून घेतो आणि वर्करला मोकळं करतो. पुढे क्लायंट कितीही हळू ओढो, ते इंजिनएक्स बघून घेतो. टीएलएस (एचटीटीपीएसचं एन्क्रिप्शन), स्टॅटिक फायली, कॉम्प्रेशन हे फायदे आहेतच, पण प्रॉक्सी हवा तो मुळात यासाठी.

कॉन्फिग लिहायला पाच मिनिटं लागतात. खरं काम नंतर सुरू होतं, कारण आता एकाच रिक्वेस्टकडे दोन प्रोग्राम बघत असतात आणि दोघांनाही अर्धंच दिसतं. क्लायंट कोण, तो एचटीटीपीएसवरून आला का, किती वेळ थांबायचं, कनेक्शन जिवंत आहे की मेलं, या प्रश्नांवर दोघांचं एकमत नसलं की ५०२ (मागच्या ॲपकडून नीट उत्तर मिळालं नाही) येतो, पानं गोल फिरत राहतात, लॉगमध्ये भलतेच आयपी दिसतात.

सुरुवात ॲप कुठे ऐकतं इथून. गनिकॉर्न आपणहून १२७.०.०.१:८००० वर बसतो आणि ते योग्यच आहे. त्याला ०.०.०.० वर नेलं की प्रॉक्सीला वळसा घालून कुणीही थेट ॲपपर्यंत पोचू शकतं आणि प्रॉक्सीच्या नावाने खोटे हेडर पाठवू शकतं. डॉकर (ॲप कंटेनरमध्ये चालवणारं साधन) वापरत असाल तर जास्त सांभाळा. ‘८०००:८०००’ असं पोर्ट उघडलं की ते मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडतं, आणि डॉकर आपले आयपीटेबल्सचे नियम स्वतः लिहीत असल्याने यूएफडब्ल्यू या फायरवॉलने बंद केलेलं पोर्टसुद्धा बाहेरून खुलं राहतं. ‘१२७.०.०.१:८०००:८०००’ असं पूर्ण लिहावं. वर्करची संख्या गनिकॉर्नमध्ये मुळात १ असते. कोअरची दुप्पट अधिक एक, हा त्यांचाच आडाखा. तिथून सुरुवात करून मेमरी पाहत कमी-जास्त करायची.

दोन्ही एकाच मशीनवर असतील तर पोर्टऐवजी युनिक्स सॉकेट (दोन प्रोग्रामना जोडणारी खास फाइल) वापरता येतो. वेग किंचित वाढतो, पण खरा फायदा असा की तो नेटवर्कवरून दिसतच नाही. त्रास परवानग्यांचा. इंजिनएक्स ज्या युझरने चालतो त्याला सॉकेट फाइलवर लिहिण्याची परवानगी लागते आणि तिथपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमधून आत जाण्याचीही लागते. सॉकेट एखाद्या युझरच्या होम फोल्डरमध्ये ठेवला की हमखास इथेच अडतं. /टीएमपी मध्ये ठेवला तर वेगळीच गंमत: सिस्टमडीच्या (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणाऱ्या प्रोग्रामच्या) सर्व्हिसमध्ये ‘प्रायव्हेटटीएमपी’ चालू असेल तर त्या सर्व्हिसची /टीएमपी बाकीच्यांपेक्षा निराळी असते. ॲपला सॉकेट दिसतो, इंजिनएक्सला दिसत नाही. सरळ /रन खाली फोल्डर करावं. फक्त /रन दर बूटला रिकामं होतं, म्हणून ते हाताने न करता सर्व्हिस फाइलमध्ये ‘रनटाइमडिरेक्टरी’ लिहून सिस्टमडीकडूनच करून घ्यावं.

ब्राउझरमध्ये ५०२ दिसला की अंदाज बांधत बसू नये. इंजिनएक्सच्या एरर लॉगमधल्या त्या ओळीत कंसात एक आकडा असतो, तो वाचावा. १११ म्हणजे त्या पत्त्यावर कुणी ऐकतच नाही: ॲप पडलंय किंवा पोर्ट चुकलंय. २ म्हणजे सॉकेटची फाइलच सापडली नाही. १३ म्हणजे परवानगी नाही. युनिक्स सॉकेटवर १३ आला तर वरचे फोल्डर तपासा. पण टीसीपी पोर्टवरही १३ येत असेल तर तो बहुतेक एसइलिनक्सचा, म्हणजे लिनक्सच्या जादा सुरक्षा नियमांचा प्रताप असतो, आणि ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ हे बूलियन कायमचं चालू केलं की सुटतो. एसइलिनक्सच बंद करून टाकण्याचा सल्ला सर्रास मिळतो, त्याची काही गरज नसते. ११ हा युनिक्स सॉकेटवर दिसतो आणि त्याचा अर्थ रांग भरली, वर्कर पुरे पडत नाहीत. १०४ म्हणजे समोरच्याने बोलता बोलता कनेक्शन तोडलं. त्यावर पुढे येतोच.

‘प्रॉक्सी_पास’, म्हणजे रिक्वेस्ट कुठे पाठवायची ते सांगणारी ओळ, लिहिताना शेवटच्या तिरक्या रेघेने भले भले फसतात. लोकेशन (कुठल्या पत्त्यांना नियम लागू ते सांगणारा ब्लॉक) ‘/एपीआय/’ आहे आणि पत्ता नुसत्या पोर्टवर संपतोय, तर ॲपला पूर्ण ‘/एपीआय/यादी’ मिळतं. पोर्टनंतर एक रेघ दिली की लोकेशनशी जुळलेला भाग कापून तिथे ती रेघ येते आणि ॲपला ‘/यादी’ एवढंच मिळतं. दोन्ही बरोबर आहेत. ॲपचे राउट कसे लिहिलेत त्यावर ठरतं. पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ लिहू नये. त्याचे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ असे दोन पत्ते निघतात, ॲप बहुधा पहिल्यावरच असतं, आणि मग लॉगमध्ये अधूनमधून विनाकारण १११ चमकत राहतो.

आता हेडर. काहीच सांगितलं नाही तर इंजिनएक्स ‘होस्ट’ हेडरमध्ये ‘प्रॉक्सी_पास’मधलंच नाव घालतो. मग पासवर्ड बदलण्याच्या ईमेलमध्ये १२७.०.०.१ ची लिंक जाते. जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणखी एक खाच आहे: अपस्ट्रीमचं (इंजिनएक्समधल्या मागच्या सर्व्हरच्या यादीचं) नाव ‘ॲप_सर्व्हर’ असं अंडरस्कोअर घालून ठेवलं आणि होस्ट बदलायला विसरलात, की अंडरस्कोअर डोमेन नावात चालत नसल्याने जँगो थेट ४०० देतो. ‘अलाउड_होस्ट्स’ या जँगोच्या परवानगीच्या यादीत ते नाव टाकूनही प्रश्न सुटत नाही, आणि माणूस तासभर चुकीच्या फाइलमध्ये शोधत बसतो.

म्हणून होस्ट, ‘एक्स-रिअल-आयपी’, ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ आणि ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हे चारही हेडर स्वतः घालायचे. शेवटचा राहिला की लूप ठरलेला. टीएलएस प्रॉक्सीवर संपतं, ॲपला साधं एचटीटीपी दिसतं, ॲपमध्ये ‘सगळ्यांना एचटीटीपीएसवर पाठव’ चालू असतं, म्हणून ते ३०१ (त्या पत्त्यावर जा) देतं. ब्राउझर परत एचटीटीपीएसवर येतो, ॲपला परत एचटीटीपीच दिसतं. प्रॉक्सीने हेडर पाठवणं हे अर्धंच काम झालं. त्या हेडरवर विश्वास ठेव असं ॲपलाही सांगावं लागतं: जँगोत ‘सिक्युअर_प्रॉक्सी_एसएसएल_हेडर’, जावाच्या टॉमकॅटमध्ये ‘रिमोटआयपीव्हाल्व्ह’. गनिकॉर्न आणि युव्हिकॉर्न (पायथनचाच दुसरा ॲप सर्व्हर) हे दोघंही मुळात फक्त त्याच मशीनवरून (१२७.०.०.१) आलेल्या अशा हेडरवर विश्वास ठेवतात. प्रॉक्सी वेगळ्या कंटेनरमध्ये गेला की त्याचा आयपी बदलतो आणि कालपर्यंत नीट चाललेलं गाडं अडतं. ‘फॉरवर्डेड_अलाउ_आयपीज’ मध्ये प्रॉक्सीचा नवा पत्ता द्यावा लागतो. इंजिनएक्सच्याही पुढे लोड बॅलन्सर (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरमध्ये वाटणारा) असेल आणि टीएलएस तिथेच संपत असेल, तर इंजिनएक्सला स्वतःलाच एचटीटीपी दिसतं. अशा ठिकाणी ‘स्कीम’ व्हेरिएबल घातलं की बॅलन्सरने पाठवलेली खरी माहिती पुसली जाते. तिथे आलेलं हेडर जसंच्या तसं पुढे द्यायचं. दुरुस्तीनंतर तपासणी कर्ल या कमांडने करावी. ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो, त्यामुळे मिटलेला लूपही तिथे चालूच असल्यासारखा वाटतो.

‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ बद्दल गैरसमज फार. बहुतेक नमुना कॉन्फिगमध्ये आलेल्या यादीच्या शेवटी क्लायंटचा आयपी जोडणारं व्हेरिएबल असतं. क्लायंटने स्वतःच ‘१.२.३.४’ असं हेडर पाठवलं तर ॲपला ‘१.२.३.४, खरा आयपी’ अशी यादी मिळते. आणि डावीकडचा पहिला आयपी म्हणजे खरा क्लायंट असं धरणारा कोड जागोजागी सापडतो. लॉगिनच्या प्रयत्नांवर आयपीनुसार मर्यादा घातली असेल, तर ती अशा कोडमुळे फुकट जाते. दर वेळी नवा आकडा पाठवला की झालं. मोजायचं उजवीकडून, आपल्या ताब्यातले प्रॉक्सी जेवढे तेवढंच. प्रॉक्सी एकच असेल तर जोडण्याच्या भानगडीत न पडता जुनी यादी टाकून ‘रिमोट_ॲड्र’ (इंजिनएक्सशी थेट जोडलेल्याचा आयपी) ठेवावा. पुढे बॅलन्सर असेल तर ‘सेट_रिअल_आयपी_फ्रॉम’ मध्ये फक्त त्याचेच पत्ते द्यावेत.

हेडरची सगळ्यात छुपी चूक मात्र वेगळीच आहे. समजा, वरचे चार हेडर तुम्ही सर्व्हर ब्लॉकमध्ये एकदाच लिहिले आणि ते खालच्या सगळ्या लोकेशनना लागू होतात म्हणून निश्चिंत झालात. काही महिन्यांनी कुणीतरी वेबसॉकेटसाठी (सतत उघडं राहणारं दुतर्फी कनेक्शन) नवं लोकेशन करतं आणि त्यात ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ असे दोन हेडर घालतं. त्या क्षणी त्या लोकेशनपुरते वरचे चारही हेडर नाहीसे होतात. ‘प्रॉक्सी_सेट_हेडर’ वरच्या पातळीवरून खाली उतरतं ते खाली एकही तशी ओळ नसेल तरच. ना एरर, ना इशारा. कॉन्फिगची चाचणी बिनतक्रार पास होते. साइट नीट चालते, फक्त वेबसॉकेट ४०३ (मनाई) देतो, कारण ॲपला ओरिजिन आणि होस्ट जुळताना दिसत नाहीत. उत्तरात हेडर घालणाऱ्या ‘ॲड_हेडर’चंही असंच, त्यामुळे एखाद्या लोकेशनमध्ये कॅशिंगचं हेडर घातलं की सुरक्षेचे सगळे हेडर तिथून गळतात. आम्ही चारही ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि प्रत्येक लोकेशनमध्ये ‘इन्क्लुड’ करतो. दिसायला रटाळ, पण कुठे काय लागू आहे ते डोळ्यांसमोर असतं.

टाइमआउटचा क्रम चुकला की ५०२ आणि ५०४ (उत्तर वेळेत आलं नाही) यांचा घोळ होतो. गनिकॉर्नचा टाइमआउट मुळात ३० सेकंद, इंजिनएक्सचा ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ ६० सेकंद. ४० सेकंदांचा अहवाल मागितला तर सिंक वर्कर तिसाव्या सेकंदाला मारला जातो, इंजिनएक्सला उत्तराआधीच कनेक्शन तुटलेलं दिसतं आणि तो ५०२ देतो. अशा वेळी काही जण इंजिनएक्सचा टाइमआउट ३०० करतात आणि काहीच बदलत नाही म्हणून चक्रावतात. उलट बाजू जास्त वाईट. ॲपला मर्यादाच नसेल तर साठाव्या सेकंदाला इंजिनएक्स ५०४ देऊन मोकळा होतो, पण ॲप आणि डेटाबेस त्याच कामात गुंतलेले राहतात; वापरणारा पान रीफ्रेश करतो आणि तीच क्वेरी दुसऱ्यांदा सुरू होते. म्हणून आतली मर्यादा कायम बाहेरच्यापेक्षा कमी हवी: डेटाबेसची सगळ्यात कमी, मग ॲपची, मग प्रॉक्सीची, मग बॅलन्सरची. मिनिटापलीकडचं काम रांगेत टाकून मागच्या मागे करावं हे उत्तम. दोन बारकावे लक्षात असू द्या. ‘प्रॉक्सी_रीड_टाइमआउट’ एकूण वेळ मोजत नाही, दोन वाचनांमधलं अंतर मोजतो. दर ५० सेकंदांना एक बाइट सोडणारं ॲप त्यात कधीच अडकणार नाही. आणि गनिकॉर्नचे थ्रेड किंवा असिंक प्रकारचे वर्कर वापरत असाल, तर त्या ३० सेकंदांचा रिक्वेस्टच्या लांबीशी संबंध नसतो. वर्कर जिवंत असल्याची खूण देतोय का, एवढंच तिथे बघितलं जातं.

मघाचा १०४ बहुधा कीपअलाइव्हमुळे, म्हणजे कनेक्शन उघडं ठेवून परत वापरण्यामुळे येतो. अपस्ट्रीममध्ये ‘कीपअलाइव्ह’ लिहून प्रॉक्सी जुनी कनेक्शनं परत वापरू लागला की ती तो ६० सेकंद रिकामी ठेवायला तयार असतो. नोडचा (जावास्क्रिप्टचा) एचटीटीपी सर्व्हर मात्र रिकामं कनेक्शन मुळात ५ सेकंदांत बंद करणारा. नोड बंद करायला आणि इंजिनएक्सने त्याच कनेक्शनवर नवी रिक्वेस्ट सोडायला एकच गाठ पडली, की १०४. हजारात एखादा ५०२, तोही गर्दी कमी असताना जास्त, कारण तेव्हाच कनेक्शनं रिकामी पडून असतात. रिक्वेस्ट ‘गेट’ (नुसतं वाचणारी) असेल तर इंजिनएक्स गुपचूप पुन्हा पाठवून निभावून नेतो. ‘पोस्ट’ (माहिती पाठवणारी) मात्र तो आपणहून परत पाठवत नाही, म्हणून तक्रारी नेमक्या फॉर्म भरणाऱ्यांकडून येतात. उपाय एका ओळीचा: ॲपचा कीपअलाइव्ह प्रॉक्सीपेक्षा जास्त ठेवा, समजा ६० ला ७५. सोबत एचटीटीपी १.१ आणि रिकामं ‘कनेक्शन’ हेडर या दोन ओळी स्पष्ट लिहून ठेवाव्यात. गनिकॉर्नचा सिंक वर्कर कनेक्शन टिकवतच नाही, त्याच्यापुढे हा खटाटोप व्यर्थ. ॲप दुसऱ्या मशीनवर असेल तेव्हा मात्र कीपअलाइव्ह हवाच. लिनक्समध्ये तात्पुरती पोर्टं ३२७६८ ते ६०९९९, म्हणजे साधारण २८ हजार, आणि बंद झालेलं प्रत्येक कनेक्शन ६० सेकंद आपलं पोर्ट अडवून बसतं. एकाच पत्त्याकडे सेकंदाला साडेचारशेच्या वर रिक्वेस्ट जाऊ लागल्या की पोर्टं संपतात आणि लॉगमध्ये ९९ (मोकळं पोर्ट नाही) दिसू लागतो.

फक्त लॉगिन केलेल्यांनाच ५०२ येत असेल तर बफर बघा. ॲपच्या उत्तरातले सगळे हेडर ‘प्रॉक्सी_बफर_साइझ’ मध्ये मावावे लागतात, आणि तो असतो ४ किंवा ८ केबी. लॉगिननंतर मोठ्या कुकी येतात आणि माप ओलांडतं; एरर लॉगमध्ये हेडर फार मोठा असल्याचं सरळ लिहिलेलं असतं. तो १६ केबी करताना ‘प्रॉक्सी_बफर्स’ही वाढवा, नाहीतर ४ केबीच्या बफरवर ‘बिझी बफर’चं गणित बसत नाही आणि चाचणीच नापास होते. अपलोडची मर्यादा १ एमबी. त्यावर ४१३ (रिक्वेस्ट फार मोठी) येतो आणि ॲपच्या लॉगमध्ये त्याचा मागमूस नसतो, कारण रिक्वेस्ट तिथवर पोचलेलीच नसते. उत्तर तुकड्यातुकड्यांनी पाठवणाऱ्या ॲपला बफर अडवतो. सगळीकडे बंद करण्यापेक्षा ॲपने त्या उत्तरापुरतं ‘एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो’ पाठवावं. वेबसॉकेट बरोबर मिनिटाने तुटत असेल तर तो तोच ६० सेकंदांचा रीड टाइमआउट. दर ३० सेकंदांना पिंग पाठवा.

हे सगळं शोधायला डोळे हवेत, आणि नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये ते नसतात. लॉग फॉरमॅटमध्ये ‘रिक्वेस्ट_टाइम’, ‘अपस्ट्रीम_कनेक्ट_टाइम’, ‘अपस्ट्रीम_रिस्पॉन्स_टाइम’ आणि ‘अपस्ट्रीम_स्टेटस’ पहिल्याच दिवशी घालावेत. एकूण १२.४ आणि अपस्ट्रीम ०.०८ असेल तर ॲप निर्दोष आहे, क्लायंटचं नेटवर्क हळू आहे. दोन्ही १२ च्या आसपास असतील तर ॲप किंवा डेटाबेस. कनेक्टलाच वेळ लागत असेल तर ॲपच्या दाराशी रांग आहे. अपस्ट्रीमच्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर रिक्वेस्ट ॲपपर्यंत गेलीच नाही, इंजिनएक्सने परस्पर उत्तर दिलं. स्वल्पविरामाने दोन आकडे असतील तर पहिल्या सर्व्हरवर जमलं नाही म्हणून दुसऱ्याकडे गेली. ४९९ हा इंजिनएक्सचा स्वतःचा कोड: उत्तर यायच्या आत क्लायंट निघून गेला. एकाच पत्त्यावर ४९९ वाढू लागले की ते पान हळू झालंय हे तक्रारीआधी कळतं.

ॲप कंटेनरमध्ये असेल आणि ‘प्रॉक्सी_पास’मध्ये त्याचं नाव असेल, तर इंजिनएक्स ते नाव सुरू होताना एकदाच सोडवतो. कंटेनर नव्या आयपीने उठला की प्रॉक्सी जुन्याच आयपीचं दार ठोठावत राहतो. ‘रिझॉल्व्हर’ देऊन नाव व्हेरिएबलमधून द्यावं, किंवा डिप्लॉयनंतर (ॲपची नवी आवृत्ती चढवल्यावर) इंजिनएक्स रीलोड करावं.

डिप्लॉयच्या वेळचे ५०२ टाळायचे तर गनिकॉर्नला रीस्टार्ट न करता हँगअप सिग्नल द्यावा. जुने वर्कर हातातलं काम संपवून जातात, त्यांना मुळात ३० सेकंदांची मुदत असते. सॉकेट सिस्टमडीकडेच ठेवला तर पूर्ण रीस्टार्टमध्येही कनेक्शनं रांगेत थांबतात, नाकारली जात नाहीत. दोन ॲप सर्व्हर असतील तर एक चूक झाली की इंजिनएक्स त्याला १० सेकंद बाजूला ठेवतो; अपस्ट्रीममध्ये एकच सर्व्हर असेल तर हे आकडे तो पाहतच नाही. रीलोडआधी ‘इंजिनएक्स -टी’ चालवायचं, आणि नवं सर्टिफिकेट आल्यावरही रीलोड लागतो, कारण चालू प्रोसेसच्या मेमरीत जुनंच असतं. वेबसॉकेट असलेल्या साइटवर रीलोडनंतर प्रोसेसची यादी एकदा बघा. इंजिनएक्सचे बंद होत असलेले जुने वर्कर शेवटचं कनेक्शन सुटेपर्यंत जुन्या कॉन्फिगसह बसून असतात आणि दिवसाला पाच-सहा रीलोड झाले की मेमरी खातात. ‘वर्कर_शटडाउन_टाइमआउट’ला काही मिनिटांची मर्यादा द्या.